क्वेरी अडते तेव्हा: पोस्टग्रेसमधल्या डेटा टाइपच्या चुका कशा शोधायच्या

गावच्या दूध संकलन केंद्राची वही एक्सेलमध्ये उतरवली आणि तिथून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणली, की सुरुवातीला सगळं सुरळीत वाटतं. यादी दिसते, नावं दिसतात, लिटर दिसतात. अडचण येते ती बिल काढायच्या दिवशी, म्हणजे दोन टेबलं जोडायची, लिटरला दराने गुणायचं आणि तारखांवरून दहा दिवस वेगळे काढायचे असतात तेव्हा. त्या वेळी स्क्रीनवर एरर येते आणि नवशिका माणूस हमखास एकच गोष्ट करतो: शोधून मिळालेला एखादा कास्ट (मूल्याचा टाइप, म्हणजे आकडा, मजकूर की तारीख, बदलणारा तुकडा) क्वेरीत चिकटवतो. एरर जाते. पण कधीकधी तिच्याबरोबर काही सभासदांचं दूधही बिलातून जातं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून आधी चूक कुठे आहे ते शोधायचं आणि कास्ट नंतर टाकायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

उदाहरणासाठी दोन टेबलं धरू. पहिलं सभासद: क्रमांक (इंटिजर, म्हणजे पूर्णांक), नाव, मोबाइल, बँक_खाते. दुसरं संकलन: सभासद_क्र (व्हारकॅर, म्हणजे मजकूर; एररमध्ये तो कॅरेक्टर व्हेरिंग असा दिसतो), दिनांक, लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धेतर घन पदार्थ), दर. क्वेरी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. सिलेक्ट, फ्रॉम, कास्ट असे शब्द, फंक्शनची आणि टाइपची नावं टंकताना इंग्रजीतच टंकायची. टेबल आणि कॉलमची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी पोस्टग्रेसला चालतात.

पायरी 1: एररचा कोड बघा

एररच्या वाक्यापेक्षा तिचा पाच अक्षरी कोड जास्त सांगतो. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला आज्ञा टंकायच्या खिडकीत, एरर आल्या आल्या बॅकस्लॅश लावून एररव्हर्बोज ही आज्ञा दिली की शेवटच्या एररचा कोड आणि सगळा तपशील दिसतो. कोडचे पहिले दोन अंक पाहा.

42 ने सुरू होणारा कोड म्हणजे क्वेरीची मांडणीच जुळत नाही. पोस्टग्रेसने अजून एकही ओळ वाचलेली नसते. टेबल रिकामं असलं तरी हीच एरर येईल. उदाहरणार्थ 42883 (असं ऑपरेटर किंवा असं फंक्शन नाही) आणि 42804 (टाइप जुळत नाहीत).

22 ने सुरू होणारा कोड म्हणजे मांडणी ठीक आहे, पण एखादं मूल्य त्या टाइपमध्ये बसत नाही. 22पी02 म्हणजे मजकुराचा आकडा होत नाही. 22003 म्हणजे आकडा मर्यादेबाहेर. 22007 आणि 22008 तारखांचे. 22001 म्हणजे मजकूर कॉलमच्या लांबीत मावत नाही. या चुका डेटावर अवलंबून असतात. काल चाललेली क्वेरी आज पडली आणि क्वेरीत कुणी हात घातलेला नाही, तर आज आलेल्या ओळींमध्येच कारण आहे.

कोड नीट कळत नसेल तर क्वेरीपुढे एक्सप्लेन लावून चालवा. एक्सप्लेन क्वेरी तपासतं, पण प्रत्यक्ष चालवत नाही. तिथेही एरर आली तर दोष क्वेरीत आहे. एक्सप्लेन निमूट पार पडलं आणि खरी क्वेरी पडली, तर दोष डेटात आहे.

याला एक अपवाद आहे, आणि तो नवशिक्यांना फार चकवतो. तुम्ही क्वेरीत स्वतः लिहिलेलं मूल्यच चुकीचं असेल, तर 22 चा कोड एक्सप्लेनमध्येही येतो. उदाहरणात कोअलेस हे लिटर नल (मूल्यच नाही) असेल तिथे दुसरं मूल्य देतं:

सिलेक्ट कोअलेस(लिटर, 'नोंद नाही') फ्रॉम संकलन;

लिटर न्यूमरिक (नेमका दशांश आकडा) आहे, म्हणून पोस्टग्रेस 'नोंद नाही' याचाही न्यूमरिक करू पाहतं आणि 22पी02 देतं. टेबलात शोधून काही सापडणार नाही, कारण ते शब्द तुमच्याच क्वेरीत आहेत. एररमध्ये अवतरणात जे मूल्य छापलेलं असतं, ते आधी आपल्या क्वेरीत आहे का ते पाहायचं. इथे लिटर::टेक्स्ट असं लिहिलं (:: म्हणजे कास्ट, टेक्स्ट म्हणजे मजकूर) की काम झालं.

पायरी 2: कॉलमचा खरा टाइप विचारा

आपण टेबल बनवताना काय ठरवलं होतं ते आठवण्यात वेळ घालवू नका. पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश डी आणि टेबलाचं नाव दिलं की प्रत्येक कॉलमचा टाइप समोर येतो. टेबलाऐवजी एखाद्या हिशेबाचा टाइप हवा असेल तर:

सिलेक्ट पीजी_टाइपऑफ(लिटर * दर) फ्रॉम संकलन लिमिट 1;

आयात करणारी काही साधनं सगळेच कॉलम टेक्स्ट करून टाकतात. अशा वेळी 'लिटर' हा कॉलम आकड्यांचा दिसतो, पण मजकुराचा असतो. त्याची एक खूण आहे: त्यावर ऑर्डर बाय लावलं की 9 हा 10 च्या नंतर येतो.

पायरी 3: 42 च्या चुका

सगळ्यात जास्त दिसणारी एरर टेबलं जोडताना येते:

सिलेक्ट स.नाव, क.लिटर फ्रॉम सभासद स जॉइन संकलन क ऑन स.क्रमांक = क.सभासद_क्र;

उत्तर येतं: ऑपरेटर डझ नॉट एक्झिस्ट: इंटिजर = कॅरेक्टर व्हेरिंग. खाली सूचनाही असते की कदाचित कास्ट लागेल. 2008 साली आलेल्या 8.3 आवृत्तीपासून पोस्टग्रेस अशा ठिकाणी आपणहून आकड्याचा मजकूर करत नाही. हा हट्ट वाटतो, पण कास्ट कोणत्या बाजूला टाकायचा हा निर्णय खरोखर तुमचाच आहे. तो का, ते पाहा.

डावीकडे टाकला, म्हणजे स.क्रमांक::टेक्स्ट केलं, तर 7 चा '7' होतो. संकलनात तोच सभासद '007' असा नोंदला असेल तर '7' आणि '007' जुळत नाहीत. एरर येत नाही, क्वेरी चालते, आणि त्या सभासदाचं दूध बिलात येतच नाही. उजवीकडे टाकला, म्हणजे क.सभासद_क्र::इंटिजर केलं, तर '007' चा 7 होतो आणि जुळणी बरोबर होते. मात्र त्या कॉलममध्ये कुठे '12अ' असेल तर 22पी02 येईल. ही एरर आलेली चांगली, कारण '12अ' कोण हे कुणीतरी ठरवायलाच हवं. दुसरं असं, की कॉलमवर कास्ट लावला की त्या कॉलमचा साधा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) वापरला जात नाही. मोठ्या टेबलावर क्वेरी मंदावते. म्हणून कास्ट हा आजचं बिल काढण्यापुरता उपाय. कायमचा उपाय कॉलमचा टाइप बदलणं, तो पुढे पायरी 7 मध्ये आहे.

जोडणी बरोबर झाली का हे तपासायला जॉइनच्या जागी लेफ्ट जॉइन करून, संकलन टेबल डावीकडे ठेवून, न जुळलेल्या ओळी मोजा:

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम संकलन क लेफ्ट जॉइन सभासद स ऑन स.क्रमांक = क.सभासद_क्र::इंटिजर व्हेअर स.क्रमांक इज नल;

उत्तर शून्य यायला हवं.

दुसरी नेहमीची एरर राउंडची. फॅट हा कॉलम डबल प्रिसिजन (अंदाजे साठवला जाणारा दशांश) असेल आणि राउंड(फॅट, 1) लिहिलं, तर 42883 येते: राउंड(डबल प्रिसिजन, इंटिजर) असं फंक्शनच नाही. दोन आकडे घेणारं राउंड फक्त न्यूमरिकसाठी आहे. राउंड(फॅट::न्यूमरिक, 1) लिहा. तसंही पैसे, लिटर आणि फॅट न्यूमरिकमध्येच ठेवावेत. डबल प्रिसिजनमध्ये 0.1 आणि 0.2 मिळवले की 0.30000000000000004 येतात, आणि महिनाभराच्या बेरजेत हे पैशांच्या घरात पोचू शकतं.

तिसरी एरर फक्त ॲपमधून येते, आणि तीच क्वेरी पीएसक्यूएलमध्ये चालते. म्हणून ती सापडत नाही. दिनांक हा डेट टाइपचा कॉलम. पीएसक्यूएलमध्ये '2024-06-05' लिहून इन्सर्ट केलं तर चालतं. ॲपमधून तेच मूल्य पाठवलं तर 42804: कॉलम डेटचा आहे, पण मूल्य कॅरेक्टर व्हेरिंग आहे. कारण असं: क्वेरीत थेट लिहिलेलं अवतरणातलं मूल्य पोस्टग्रेसच्या लेखी मजकूर नसतं, त्याचा टाइप अजून ठरायचा असतो, त्यामुळे ते कॉलमप्रमाणे डेट होतं. ॲपमधला ड्रायव्हर (ॲप आणि पोस्टग्रेस जोडणारा भाग) मात्र 'हा मजकूर आहे' असं सांगून मूल्य पाठवतो, आणि मजकुराचा डेट आपोआप होत नाही. उपाय ॲपमध्ये करा: मूल्य मजकूर म्हणून न बांधता तारखेच्या टाइपने बांधा. ते जमत नसेल तर क्वेरीतल्या पॅरामीटरपुढे ::डेट लिहा.

युनियनमध्ये वरच्या क्वेरीत आकडा आणि खालच्या क्वेरीत त्याच जागी मजकूर असेल तरी 42804 येते. दोन्ही बाजू मोजून कितवा कॉलम चुकला ते पाहायचं. बहुधा कॉलमचा क्रमच मागेपुढे झालेला असतो.

पायरी 4: 22 च्या चुका, म्हणजे ओळ शोधणं

पोस्टग्रेस पहिल्या चुकीच्या मूल्यापाशी थांबतं. एक दुरुस्त केलं की दुसरं, मग तिसरं, असा खेळ होतो. तो टाळायचा तर सगळी चुकीची मूल्यं एकदम काढायची.

त्यासाठी एक्सेलची फाइल थेट खऱ्या टेबलात ओतू नका. आधी कच्चे_संकलन नावाचं टेबल करा, त्यात सगळे कॉलम टेक्स्ट ठेवा आणि कॉपी या आज्ञेने फाइल त्यात घ्या. इथे टाइपची चूक होऊच शकत नाही, कारण सगळा मजकूरच आहे. मग चाळणी:

सिलेक्ट सभासद_क्र, दिनांक, लिटर फ्रॉम कच्चे_संकलन व्हेअर लिटर !~ '^[0-9]+(\.[0-9]+)?$';

ही क्वेरी साध्या आकड्यासारखी न दिसणारी प्रत्येक ओळ दाखवते. नल असलेल्या ओळी ती दाखवत नाही. त्या इज नल लावून वेगळ्या मोजा. 2023 साली आलेल्या आवृत्ती 16 पासून पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड(लिटर, 'न्यूमरिक') हे फंक्शन आहे. ते एरर न देता फक्त खरं की खोटं ते सांगतं. तारखांसाठी तर ते फारच सोयीचं आहे, कारण 31 जूनसारखी चूक नमुन्याच्या चाळणीतून निसटते.

फाइल थेट खऱ्या टेबलातच घेतली असेल तर एररखालची कॉन्टेक्स्टची ओळ वाचा. तिथे फाइलमधली कितवी ओळ, कोणता कॉलम आणि कोणतं मूल्य हे तिन्ही दिलेलं असतं.

चाळणीत काय काय सापडतं? रिकामा मजकूर: '' याचा आकडा होत नाही, आणि तो नलही नाही. सीएसव्हीत दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच नसेल तर कॉपी त्याचा नल करते, पण तिथे नुसती रिकामी अवतरणं असतील तर तो रिकामा मजकूरच राहतो. त्याला नलइफ(ट्रिम(लिटर), '') हा उपाय. '1,25,000' मधले स्वल्पविराम, '12.5 लि.' मधलं एकक, '500/-' मधली तिरकी रेघ, रुपयाचं चिन्ह. हे सगळं डोळ्यांना दिसतं, आणि रिप्लेसने काढता येतं.

डोळ्यांना न दिसणारं काढायला जास्त वेळ लागतो. आकडा अगदी बरोबर दिसतो आणि तरी चाळणीत अडकतो, तेव्हा अक्षरं आणि बाइट दोन्ही मोजा:

सिलेक्ट लिटर, लेंग्थ(लिटर), ऑक्टेट_लेंग्थ(लिटर) फ्रॉम कच्चे_संकलन व्हेअर लेंग्थ(लिटर) <> ऑक्टेट_लेंग्थ(लिटर);

यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) 45 या मूल्यात दोन अक्षरं आणि दोनच बाइट असतात. दोन्ही आकडे वेगळे आले म्हणजे आत काहीतरी परकं आहे. तीन अक्षरं आणि चार बाइट आले तर बहुधा शेवटी न तुटणारी मोकळी जागा आहे. वेबपानावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या आकड्यांबरोबर ती येते. ट्रिम ती काढत नाही, कारण ट्रिमला फक्त साधी मोकळी जागा कळते. रिप्लेस(लिटर, सीएचआर(160), '') लिहावं लागतं. साधी मोकळी जागा मात्र त्रास देत नाही. ' 45 ' चा इंटिजर नीट होतो.

फक्त पहिल्याच ओळीतलं पहिलंच मूल्य अडत असेल तर फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण, म्हणजे बॉम, तिथे चिकटलेली असते. एक्सेलमधून यूटीएफ-8 सीएसव्ही म्हणून जतन केलं की ती लागते. पहिली ओळ शीर्षकांची असेल आणि कॉपीला हेडर सांगितलं असेल, तर ती खूण शीर्षकाबरोबर वगळली जाते.

पायरी 5: देवनागरी आकडे

वरच्या मोजणीत दोन अक्षरं आणि सहा बाइट आले, तर तो ४५ आहे. मराठी कीबोर्डवर टंकणाऱ्या माणसाने ४५ लिहावं यात काहीच चूक नाही, पण पोस्टग्रेस त्याचा इंटिजर करत नाही, 22पी02 देतं. प्रत्येक देवनागरी अंक यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतो, म्हणून ही खूण पक्की.

बदलायची रीत सोपी आहे:

ट्रान्सलेट(लिटर, '०१२३४५६७८९', '0123456789')

ट्रान्सलेट पहिल्या यादीतलं अक्षर दुसऱ्या यादीतल्या त्याच जागेवरच्या अक्षराने बदलतं. दशांशचिन्ह जसंच्या तसं राहतं, आणि '१२.५' चा '12.5' होतो. अर्धे आकडे मराठी, अर्धे इंग्रजी असले तरी चालतं. दोन्ही याद्यांत दहा-दहाच अक्षरं आहेत ना, ते मोजून घ्या. दुसरी यादी तोकडी पडली तर उरलेली अक्षरं ट्रान्सलेट सरळ गाळून टाकतं, आणि १९ चा 1 होऊन बसतो.

अजून एक सावधगिरी. चाळणीत आम्ही मुद्दाम [0-9] लिहिलं आहे. 'कोणताही अंक' असा अर्थ असलेलं बॅकस्लॅश डी तिथे वापरू नका. डेटाबेसच्या भाषा-सेटिंगनुसार त्यात देवनागरी अंकही धरले जाऊ शकतात. मग चाळणी पार होते आणि कास्ट पडतो.

सफाईची सगळी फंक्शनं कच्च्या टेबलावरून खऱ्या टेबलात डेटा नेणाऱ्या इन्सर्टमध्ये लिहा. कच्चं टेबल बदलू नका. वहीत मुळात काय लिहिलं होतं ते पुढे बघायची वेळ येते, आणि तेव्हा तो एकच पुरावा असतो.

पायरी 6: तारखा आणि मोठे आकडे

तारखेची एरर आली तर ती ज्या ओळीवर आली तेवढीच ओळ चुकीची आहे असं धरू नका. पोस्टग्रेसचं नेहमीचं सेटिंग महिना आधी, दिवस नंतर असं असतं. आपण 05/06/2024 लिहितो ते 5 जूनसाठी. ते वाचतं 6 मे. एरर नाही. 12 तारखेपर्यंत सगळं असंच निमूट उलटं होतं आणि 13/06/2024 ला 22008 येते, कारण तेरावा महिना नाही. एकाच इन्सर्टमध्ये सगळं असेल तर एररबरोबर सगळंच मागे जातं, ते बरं. पण रोजच्या रोज एकेक ओळ भरली जात असेल तर 13 तारखेला एरर येईपर्यंत 12 दिवसांच्या तारखा टेबलात शिरलेल्या असतात, आणि त्यातल्या 6 जून वगळता एकही बरोबर नसते.

शोधायची रीत: महिन्यागणिक नोंदी मोजा. फक्त जूनचा डेटा असताना जानेवारी ते डिसेंबर प्रत्येक महिन्याच्या 6 तारखेला थोड्या-थोड्या नोंदी दिसल्या, तर हेच झालं आहे.

भरताना नमुना स्पष्ट सांगा: टू_डेट(दिनांक, 'डीडी/एमएम/वायवायवायवाय'). आवृत्ती 10 पासून टू_डेट 31/06 सारखी नसलेली तारीख नाकारतं. किंवा सत्राच्या सुरुवातीला सेट डेटस्टाइल = 'आयएसओ, डीएमवाय' करा. ॲपमधून पाठवताना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने पाठवलं की सेटिंग काहीही असो, अर्थ एकच.

मोठ्या आकड्यांमध्ये पहिला मान मोबाइलचा. इंटिजरमध्ये जास्तीत जास्त 2147483647 मावतो. आपले मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि 6 ते 9 ने सुरू होणारे, म्हणून प्रत्येकच क्रमांक 22003 देणार. बिगइंट (मोठा इंटिजर) केल्याने एरर जाते, पण ते करू नका. मोबाइलची बेरीज कुणी करत नाही. तो टेक्स्टच असावा. बँक खात्याचं तर फारच जपा. इंटिजर किंवा बिगइंटमध्ये सुरुवातीची शून्यं गळतात, आणि एक्सेल आकड्याचे पहिले 15 अंकच जपतं, पुढचे शून्य करतं. लांब क्रमांक 1.23457ई+11 अशा रूपात दिसत असताना सीएसव्ही जतन केली तर फाइलमध्ये तेच रूप जातं. ते डेटाबेसमध्ये दुरुस्त होत नाही. मूळ पासबुकावरूनच क्रमांक पुन्हा घ्यावा लागतो. एक्सेलमध्ये तो कॉलम आकडे भरण्याआधी टेक्स्ट करून ठेवा.

न्यूमरिक(3,2) चा अर्थ पुष्कळांचा चुकतो. 3 म्हणजे दशांशाआधीचे अंक नव्हेत, एकूण अंक. त्यात 9.99 पर्यंतच मावतं. गायीच्या दुधाचा 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ आरामात बसतात, म्हणून महिनोन्महिने काही होत नाही. त्याच मापाचा कॉलम लॅक्टोमीटरसाठी केला की 28 डिग्रीला 22003 येते. तिथे न्यूमरिक(4,2) हवं.

पायरी 7: टाइप कायमचा बदलणं

चाळणीत एकही ओळ उरली नाही, की मग:

आल्टर टेबल संकलन आल्टर कॉलम सभासद_क्र टाइप इंटिजर यूझिंग सभासद_क्र::इंटिजर;

यूझिंग नसेल तर पोस्टग्रेस नकार देतं, कारण मजकुराचा आकडा ते आपणहून करत नाही. हे चालू असताना टेबल पूर्ण कुलूपबंद असतं, वाचतासुद्धा येत नाही, आणि मोठं टेबल पुन्हा लिहून काढायला वेळ लागतो. संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर करा. बिगिन करून सुरू करा, मोजणी बघा, पटलं तरच कमिट. पोस्टग्रेसमध्ये टेबलाचा बदलही रोलबॅक होतो, म्हणजे मागे घेता येतो. कॉलमला डीफॉल्ट असेल आणि त्याचा नवा टाइप होत नसेल तर आधी तो काढावा लागतो. त्या कॉलमवर एखादा व्ह्यू (जतन केलेली क्वेरी) असेल तर व्ह्यू काढून, टाइप बदलून, व्ह्यू पुन्हा करावा लागतो.

टाइप जुळले की लगेच सभासद_क्र वर फॉरिन की (सभासद टेबलात नसलेला क्रमांक नाकारणारी अट) लावा. दोन्ही कॉलमचे टाइप जुळत नसतील तर ती लागतच नाही. सुरुवातीलाच लावली असती तर पायरी 3 ची जोडणीची एरर कधी आलीच नसती.

पायरी 8: अटींचा क्रम गृहीत धरू नका

टाइप बदलणं तुमच्या हातात नसेल तर लोक असं लिहितात:

व्हेअर लिटर ~ '^[0-9]+(\.[0-9]+)?$' अँड लिटर::न्यूमरिक > 10

आधी गाळणी, मग कास्ट, असा हेतू. पण अटी डावीकडून उजवीकडे तपासल्या जातील अशी हमी पोस्टग्रेस देत नाही. आज चालेल, आणि डेटा वाढून क्वेरी चालवायची योजना बदलली की 22पी02 येईल. केस वापरा:

व्हेअर केस व्हेन लिटर ~ '^[0-9]+(\.[0-9]+)?$' देन लिटर::न्यूमरिक > 10 एल्स फॉल्स एंड

गाळणी विथच्या भागात ठेवली तरी आवृत्ती 12 पासून पोस्टग्रेस तो भाग मुख्य क्वेरीत मिसळू शकतं. वेगळाच ठेवायचा असेल तर मटेरियलाइज्ड हा शब्द लिहावा लागतो.

डेटाबेस दुसरा असेल तर

मायएसक्यूएलवर काम करणाऱ्यांनी जास्त जागरूक राहायला हवं, कारण तिथे यातल्या बऱ्याच ठिकाणी एरर येतच नाही. पोस्टग्रेसमध्ये मजकुराच्या कॉलमवर सम लावलं तर 42883 येते. मायएसक्यूएल बेरीज करून देतं: '12.5 लि.' चे 12.5 धरतं आणि '१२.५' चा शून्य. सभासदाचं दूध शून्य लिटर धरलं गेलं, आणि स्क्रीनवर फक्त इशाऱ्यांची संख्या वाढली. म्हणून प्रत्येक हिशेबाच्या क्वेरीनंतर शो वॉर्निंग्ज चालवा. 1292 क्रमांकाचा इशारा दिसला तर निकाल वापरू नका. मजकूर आणि आकडा यांची तुलनाही तिथे आकड्यांनीच होते, त्यामुळे व्हेअर नाव = 0 लिहिलं तर अंकाने सुरू न होणारं प्रत्येक नाव जुळतं. आवृत्ती 5.7 पासून कडक मोड मुळातच चालू असतो आणि तो इन्सर्ट, अपडेट, डिलीटमध्ये अडवतो. नुसत्या सिलेक्टला अडवत नाही. तो मोड कुणी बंद केलेला नाही ना, ते एकदा सिलेक्ट @@एसक्यूएल_मोड करून बघा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये हीच एरर 245 किंवा 8114 क्रमांकाने येते, आणि चुकीच्या ओळी शोधायला 2012 च्या आवृत्तीपासून ट्राय_कास्ट आहे: जिथे ते नल देतं आणि मूळ मूल्य नल नसतं, ती ओळ चुकीची. ओरॅकलमध्ये ओआरए-01722 दिसेल. शिवाय तिथे रिकामा मजकूर नलच धरला जातो. एसक्यूलाइट तर इंटिजरच्या कॉलममध्येही मजकूर ठेवून घेतं. 2021 च्या 3.37 आवृत्तीपासून टेबल बनवताना शेवटी स्ट्रिक्ट लिहिता येतं, नवीन टेबलांना ते लिहाच.

शेवटची मोजणी

एरर गेली की बिल छापण्याआधी तीन आकडे जुळवा: फाइलमधल्या ओळी, कच्च्या टेबलातल्या ओळी आणि खऱ्या टेबलातल्या ओळी. मग एका दिवसाचे एकूण लिटर क्वेरीने काढा आणि वहीतल्या त्याच दिवसाच्या बेरजेशी ताडून बघा. दिवस निवडताना 12 च्या पुढची एक तारीख आणि 12 च्या आतली एक तारीख घ्या. आतली 6 जून घेऊ नका, 06/06 उलटं वाचलं तरी तेच येतं. दोन्ही दिवसांची बेरीज पॉइंटापर्यंत जुळली की बिल काढा.